शेवटची ओळ सोडून

रेठरेकर सरांनी डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, चष्म्यावरून सगळ्या हॉलवर एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "ही आहे आपल्या गळवेबाईंना."

मी उठून उभी राहिले. नियमच होता तसा. आमच्या डी.एड.च्या विद्यालयात स्नेहसंमेलनाला शेलापागोटे वाचायचे. म्हणजे एकमेकांची थट्टा दोन-चार ओळींत लिहायची, खाली नाव घालायचं नाही, आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. ज्याच्यावर असेल त्यानं उभं राहायचं, ऐकायचं आणि हसायचं. रागवायचं नाही. जो रागावला तो कायमचा कामातून गेला.

माझ्या शेजारी आई बसली होती. माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून दोन एस.टी. बदलून आलेली. मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळणार होतं म्हणून मीच निरोप धाडून तिला बोलावलं होतं. वडील लहानपणीच गेलेले. लोकांच्या वाकळा शिवून आईनं मला इथवर आणलं होतं, तेव्हा निदान बक्षीस घेताना तरी तिनं बघावं, एवढीच माझी हौस.

सरांनी घसा साफ केला आणि वाचलं,

"पंचांग नको, कॅलेंडर नको, वार कुणाला पुसू नका,
गळवेबाई दारात दिसल्या की भिंतीकडे बघू नका.
निळी दिसली तर सोमवार, पिवळी दिसली तर मंगळवार,
रविवारी काय नेसतात, हे मात्र विचारू नका!"

हॉल नुसता फुटला. पोरं बाक बडवायला लागली. डी.एड.ला मुलींना साडी सक्तीची, आणि माझ्याकडं साड्या दोनच, एक निळी, एक पिवळी. एक अंगावर, एक दोरीवर. त्या दिवशी सोमवार होता आणि मी निळी नेसले होते. मागनं कुणीतरी ओरडलं, "सोमवार आहे रे!" आणि पुन्हा एकदा हशा उठला.

मी हसले. दात दाखवले म्हणा. मग बाजूला बघितलं, तर आईसुद्धा हसत होती. चांगली तोंडभर हसत होती आणि टाळ्या वाजवत होती. सगळे हसतायत, लेकीचं नाव स्टेजवरून घेतलंय, म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असं तिला वाटलं असावं. पुढं बक्षीस कधी घेतलं आणि कुणाच्या हातून, मला आठवत नाही.

एस.टी. स्टँडवर गाडीत चढता चढता आईनं विचारलं, "यमे, तुझं नाव घिऊन म्हनलं न्हवं त्या सरांनी? समद्यांम्होरं?"

"हो."

"चांगलं म्हनलं?"

"चांगलं म्हणाले."

"मग झालं तर," म्हणाली आणि खिडकीजवळ जाऊन बसली.

गाडी गेली तशी मी स्टँडच्या मागं जाऊन रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी पिवळी नेसून वर्गात गेले. सर हजेरी घेताना थांबले आणि म्हणाले, "काय गळवेबाई, आज मंगळवार ना?" वर्ग पुन्हा हसला. त्या दिवसापासून माझं नाव पंचांग पडलं. मेसमधली भाकरी वाढणारी बाईसुद्धा म्हणायची, "पंचांगाला वाढा गं."

ते चार ओळींचं विष कुणाचं, हे सगळ्या विद्यालयाला ठाऊक होतं. डबा संमेलनाआधी सरांच्या खोलीत जायचा. बेचव चिठ्ठ्या सर केरात टाकायचे आणि त्यांच्या जागी स्वतः लिहायचे. 'सरांचा हात लागला' असं पोरं कौतुकानं म्हणायची. रेठरेकर सर मराठीचे, आजूबाजूच्या चार गावांत त्यांच्या विनोदाचं नाव होतं, आणि त्यांचा विनोद नेहमी ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावरच पडायचा. प्राचार्यांच्या ढेरीवर त्यांना कधी ओळ सुचली नाही.

होस्टेलच्या मागं कपडे धुवायचे दगड होते. तिथं मी शालन वाघमोडेला सांगितलं. शालन माझी खोलीतली जोडीदारीण, सांगोल्याकडची, तोंडानं फटकळ.

"पुढच्या संमेलनात मी या माणसाला हाणणार. त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलापाशी, आणि तेही त्याच्याच तोंडून."

"कशानं हाणणार?"

"शेलापागोट्यानं."

"येतंय का तुला लिहायला?"

"नाही."

"मग?"

"शिकते."

शालननं साडीचा पिळा दगडावर आपटला. "आगं बाई, डबा त्याच्याच खोलीत जातोय. त्याच्यावरची चिठ्ठी तो वाचंल का फाडंल?"

"वाचली पाहिजे त्यानं. अशी लिहीन की हौसेनं वाचेल."

"बघ बाई. पुढचं संमेलन हुकलं की परीक्षा, आन् मग तू कुठं, तो कुठं."

हे तिचं खरं होतं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं एक संमेलन झालेलं, एक उरलेलं. मला एकदाच संधी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थनेआधी मी लिहायला बसले. पाठ टाचणाचे जुने कागद होते, त्यांच्या पाठीवर. रोज एक शेलापागोटं, सगळी सरांवर. लिहायचं, शालनला वाचून दाखवायचं आणि अंघोळीच्या बंबात टाकायचं. कुणाच्या हाती लागलं तर मेलेच की मी.

शालन ऐकताना हातातलं काम थांबवायची नाही. कपडे धूत असेल तर धुवत राहायची, केस विंचरत असेल तर विंचरत राहायची. तिनंच ठरवून टाकलं होतं, "ऐकताना माझा हात थांबला, तर समज जमलं. न्हाईतर बंबात."

पहिलं लिहिलं ते सरांच्या टकलावर. यमक बिमक जुळवून, मोठ्या थाटात वाचलं. शालनचा हात मोगरी हाणतच राहिला.

"टक्कल हाय हे त्याला ठावं न्हाई व्हय? रोज आरशात बघतोय की. जे आरशात दिसतंय ते त्याला सांगून त्याचं काय जाणार?"

दुसरं त्यांच्या कोटावर. तिसरं त्यांच्या बायकोवर. ते वाचल्यावर शालन माझ्याकडं अशी बघायला लागली की मीच ते अर्ध्यात थांबवून बंबात टाकलं. मग नाटकी, ढोंगी, कपटी, शब्दकोशात सापडतील तेवढी विशेषणं मी त्या माणसाला लावली. एके दिवशी शालन वैतागून म्हणाली, "यमे, तू ढोंगी म्हनलीस की मला तुझा राग दिसतोय. तो मानूस दिसत न्हाई. तुझे दात दिसत्यात नुसते. मला तो दाखव."

"दाखवू कसा?"

"मला काय इचारतीस? तुला हाणायचंय न्हवं?"

मग मी डोळ्यांत तेल घालून त्या माणसाकडं बघायला लागले. वर्गात येताना कोणता पाय आधी आत टाकतो, खडू कसा धरतो, पोरीला उभं करायच्या आधी ओठावर जीभ कशी फिरवतो. आधी बघायचं, मग लिहायचं. अशानं ओळी जरा बऱ्या व्हायला लागल्या. एकदा तर शालनचा हात क्षणभर अडखळला, पण ती म्हणाली, "न्हाई न्हाई, माशी बसली हुती."

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले आणि लिहिणं सुटलं. आईच्या वाकळांना दोरे भर, पाणी आण, यात दिवस जायचा. राग तर तसाच होता, उलट आईला बघून जास्तच पेटायचा. पण एके दिवशी लिहायला बसले तर पुन्हा टक्कल आणि ढोंगी, कपटी! हात लाकडासारखा झालेला. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की राग रोजचा असून भागत नाही, लिहिणं रोजचं लागतं. राग आपला आपण टिकतो, हात टिकत नाही.

मग गावीसुद्धा रोज सकाळी उंबऱ्यात बसून लिहायला लागले. पण इथं सर कुठले बघायला? म्हणून जे समोर असेल ते. आई वाकळीवर चिंध्या कशा मांडते, आधी कोपरे का धरते, सुई केसात का घासते. शेजारची म्हातारी कुत्र्याला भाकरी टाकताना आधी शिवी कशी देते. यात कुणाला हाणायचं नव्हतं, त्यामुळं विशेषणं आपोआप गळाली. आई विचारायची, "काय लिव्हतीस गं रोज?"

"सराव करते."

"कर बाई," म्हणायची आणि सुईत दोरा ओवायची.

जूनमध्ये परत गेले तेव्हा शालनला ती म्हातारी वाचून दाखवली. शालन केस विंचरत होती. फणी केसात तशीच राहिली. आता हात तयार होतोय हे दोघींना कळलं.

पावसाळ्यात पहिल्या वर्षाची नवी मुलं आली. एक दिवस मी त्यांच्या वर्गाच्या खिडकीखाली व्हरांड्यात तक्ते रंगवत बसले होते. आत रेठरेकर सरांचा तास होता. टेबलावर खडू आपटल्याचा आवाज आला, दोनदा. मग सरांचा आवाज, "मातृभाषा म्हणजे काय? आईची भाषा."

माझा कुंचला थांबला. हे मला माहीत होतं. आमच्या वर्षीही सरांनी याच तासाला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली होती. दुसऱ्याच्या रानात शेंगा तोडायला जाणारी आई, पदरातून पोरासाठी मूठभर शेंगा आणणारी. सांगता सांगता सर थांबले होते, खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडं बघत राहिले होते, चष्मा काढून पुसला होता आणि जड आवाजात म्हणाले होते, "जाऊ दे… आजचा तास इथंच थांबवू." सगळा वर्ग रडला होता. मी तर हुंदके देऊन रडले होते, कारण मला माझी आई दिसत होती. संमेलनाच्या आधीचं हे. त्या दिवशी मला वाटलं होतं, हा माणूस आपल्यातलाच आहे.

आणि आता आतून तेच शब्द येत होते. तीच मूठ, तेच थांबणं. "जाऊ दे… आजचा तास इथंच थांबवू." वर्ग सुटला. नव्या पोरी डोळे पुसत बाहेर आल्या. मागनं सर आले, चष्मा डोळ्यांवर नीट बसलेला, आणि शिपायाला म्हणाले, "चहा सांग रे, लवकर सुटलोय आज."

शालनला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय? माझी चुलतबहीण हितंच शिकली. तिच्या वक्ताला पण हेच. समद्यांना ठावं हाय. पैल्या वर्साला रडायचं, दुसऱ्या वर्साला नक्कल करायची."

"आणि त्यांना?"

"कुणाला, सरांला? त्येला वाटतंय, लोक दर साली नव्यानं रडत्यात, मागचे इसरत्यात."

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. स्वतःची आई विकून रडू वसूल करणारा हा माणूस माझ्या आईसमोर माझी लाज काढतो? पण राग आला तरी त्या दिवशी मी नाचले नाही. मला सापडलं होतं. त्याला आरशात न दिसणारं, आणि बाकी सगळ्यांना दिसणारं.

मग रोज तेच एक लिहायला लागले. आधी पद्यात लिहिलं, पद्य टाकलं. मग टोमणे मारत गद्यात लिहिलं. शालन म्हणाली, "असं लिव्हलंस तर तो खोलीतच फाडंल." ते टोमणे काढले. 'खोटे अश्रू' लिहिलं होतं, त्यातलं आधी 'खोटे' काढलं, मग 'अश्रू'ही काढले. नुसतं सर काय करतात एवढंच ठेवलं. जेवढं काढत गेले तेवढं ते सरांचं कौतुक वाटायला लागलं, आणि तेवढंच ते माझ्या हातात धारदार व्हायला लागलं. माझी मीच हरखून जायचे.

एकदा सरांनी निबंधाचे पेपर वाटले. माझा वर धरून म्हणाले, "गळवेबाई, भाषा सुधारली हो तुमची! आमच्या तासांचा परिणाम म्हणायचा की काय?"

"हो सर," मी म्हणाले, "तुमच्यामुळंच." शालननं तोंडात पदराचा बोळा कोंबला.

आता मला नवशिक्या लेखकांच्या शिबिरांना बोलावतात. चार-पाच पुस्तकं आहेत नावावर. मुली विचारतात, बाई, रोज लिहायची शिस्त तुम्ही कशी लावून घेतली? मी सांगते, पहाटे उठा, जे दिसलं ते लिहा, कुणाला तरी वाचून दाखवा, विशेषणं काढा. मुली वहीत उतरवून घेतात. कुणाचा तरी सूड घ्यायचा असेल तर फार बरं, हे सांगत नाही. आयोजकांना चालायचं नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली. संमेलन तोंडावर आलं होतं. एका सकाळी शालन दगडावर कपडे धूत होती आणि मी वाचत होते. "…सर खिडकीतून कडुलिंबाकडं बघतात. चष्मा काढतात. कोटाच्या टोकानं पुसतात. आणि म्हणतात…" पुढची ओळ मी वाचायच्या आतच शालन बोलली, जड आवाजात, अगदी सरांसारखी, "जाऊ दे… आजचा तास इथंच थांबवू."

तिच्या हातातला साबण सटकून नाल्यात गेला.

"यमे," ती म्हणाली, "ती शेवटची ओळ लिहूच नको."

मी ती ओळ काढली. वर मथळा घातला, 'आमचे सर'. माझं अक्षर सरांना माहीत होतं आणि शालनवर संशय यायचं कारण नव्हतं, म्हणून तिनंच ते आपल्या गोल अक्षरात उतरवलं आणि डब्यात टाकलं. आईला निरोप धाडला, संमेलनाला ये. ती म्हणाली म्हणे, आता काय बक्षीस हाय? पण आली.

संमेलनाचे पाहुणे होते शिक्षणविस्तार अधिकारी पाटणेसाहेब, आमच्याच विद्यालयाचे फार जुने विद्यार्थी. दुपारी शेलापागोट्यांची वेळ झाली. सर टेबलापाशी उभे राहिले. नेहमीसारखं सुरू झालं. एका पोराच्या तोतरेपणावर ओळ, एका पोरीच्या काळ्या रंगावर ओळ. हशा, बाकांवर थापा. मी डब्याकडं बघत होते. चिठ्ठ्या संपत आल्या. आमची काही निघेना. फाडली असणार. वर्ष फुकट गेलं, आणि आता उरलंय काय, परीक्षा आणि घरचा रस्ता. शालन माझी मांडी चिमटीत धरून बसली होती.

डबा रिकामा झाला. सरांनी तो उलटा करून दाखवला आणि मग हळूच कोटाच्या आतल्या खिशात हात घातला.

"आता शेवटची," ते म्हणाले. "खरं तर माझ्यावर आहे. वाचू नये असं वाटत होतं. पण लिहिणाऱ्याचं मन मोडवत नाही."

खिशात जपून ठेवली होती बघा! पाहुण्यांसमोर, सगळ्यात शेवटी, आपला सत्कार आपणच वाचायला. शालनच्या चिमटीनं माझी मांडी काळीनिळी केली.

"आमचे सर," त्यांनी वाचलं, आणि आवाज खाली आणला. "सर वर्गात येतात. खडू टेबलावर दोनदा आपटतात. मातृभाषा म्हणजे आईची भाषा, असं म्हणतात आणि फळ्यावर 'आई' लिहितात."

हॉलमध्ये कुठंतरी कुणीतरी फिसकन हसलं. लगेच दाबलं.

"मग सर आपल्या आईबद्दल सांगतात. आई दुसऱ्याच्या रानात शेंगा तोडायला जायची. संध्याकाळी पदरातून मूठभर शेंगा आणायची. शेंगा म्हणताना सर मूठ पुढं करतात आणि उघडतात. मूठ रिकामी असते."

वाचता वाचता सरांची मूठ पुढं गेली आणि उघडली. सवयच ती! आता मागच्या रांगांतून खुसखुस सुरू झाली. सरांना ती आवंढे गिळल्यासारखी वाटली असावी, कारण त्यांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

"वर्ग गप्प होतो. सर खिडकीतून कडुलिंबाकडं बघतात. चष्मा काढतात. कोटाच्या टोकानं पुसतात. आणि म्हणतात…"

कागद संपला. पुढची ओळ त्यांची त्यांनाच म्हणायची होती, जिवंत, स्वतःच्या आवाजात. त्यासाठी ते थांबले. नेहमी थांबत तेवढेच.

आणि त्या थांबण्यात सगळा हॉल एका सुरात म्हणाला, "जाऊ दे… आजचा तास इथंच थांबवू!"

दोन्ही वर्षांची पोरं, दाराशी उभे असलेले जुने विद्यार्थी, मेसच्या बायका, शिपाई. आणि माईकच्या शेजारच्या खुर्चीवरून पाटणेसाहेब, सगळ्यांत मोठ्यानं.

छत उडेल असा हशा झाला. आणि सरही हसले. त्यांना वाटलं, पोरांना आपला शब्द न् शब्द पाठ आहे, केवढं हे प्रेम! मान डोलावून हसत होते, हात जोडत होते. हेच मला हवं होतं. वर्षभर या एकाच हसण्यासाठी लिहीत आले होते मी. सगळा हॉल हसतोय, तोही हसतोय, आणि कशाला हसतायत हे त्या एकट्यालाच ठाऊक नाही. माझ्या आईला जसं हसवलं होतं त्यानं, तसं.

मग पाटणेसाहेब डोळे पुसत माईकशी वाकले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, चांगला माणूस. म्हणाले, "सर, आमच्या वेळी तो कडुलिंब कंबरेएवढा होता हो! तेव्हापासून बघताय तुम्ही त्याच्याकडं!"

पुन्हा हशा. सरांचं हसू मात्र तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे हॉलवरून फिरायला लागले. एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर. मग हातातल्या कागदावर. त्यांनी तो पुन्हा वाचला, ओठ हलत होते. समजलं त्यांना. मी पुढून दुसऱ्या रांगेत होते, मला समजताना दिसलं.

त्यांनी चष्मा काढला. या वेळी खिडकीकडं बघितलं नाही, थांबले नाहीत, कोटाचं टोकही धरलं नाही. नुसता तळहात डोळ्यांवर दाबला आणि तसेच उभे राहिले. खांदे हलत होते.

हॉलला वाटलं, सर करून दाखवतायत. टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं बाकांवर उभी राहिली. "वन्स मोअर!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडायला लागले, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

आईनं माझा दंड धरला. "यमे, ह्ये तू लिव्हलंस न्हवं?"

मी चमकले. "तुला कसं कळलं?"

"उन्हाळाभर उंबऱ्यात बसून लिव्हत हुतीस, त्ये काय उगंच? गेल्या सालीबी कळलं हुतं की. तुझी लुगडी मीच घिऊन दिल्यात, मला कळायचं न्हाई व्हय?"

"मग हसलीस कशाला? टाळ्या वाजवत होतीस तू!"

"मी तोंड पाडलं असतं तर तू ऱ्हायली असतीस व्हय हितं शिकाया? माझ्यासंगं त्याच गाडीत बसली असतीस."

ती स्टेजकडं बघत होती. सर अजून तसेच उभे होते, चष्मा एका हातात लोंबत होता. आयुष्यभर वाकळा शिवलेली बाई, तिची नजर कधी चुकायची नाही.

"आता खरं रडतोय त्यो," ती म्हणाली.

"हो."

"ही पोरं काय वरडत्यात?"

"पुन्हा एकदा करा म्हणतायत."

"मग तू बी म्हन की."

मी उठून उभी राहिले आणि घसा ताणून ओरडले.